भार वांटणें आणि राखीव यंत्र जागें ठेवणें



विषय यंत्रांचा आहे, परंतु त्याची सुरवात मी एका मुलीपासून करणार आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं ही मुलगी आपल्या वडिलांबरोबर आमच्या गांवच्या सेवाकेंद्रावर सकाळीं नऊ वाजतां येऊन बसली. वडील माझे चौथींतले विद्यार्थी. संगणकावर पान उघडावयास दहा दहा मिनिटें लागत. अर्धा अर्ज भरून पुढच्या पानाचें बटण दाबलें कीं, ‘पुन्हां प्रवेश करा’ असा हुकूम येई आणि भरलेलें सर्व नाहींसें होई. असें चार वेळां झालें. दुपारनंतर पान उघडेनासेंच झालें, आणि रात्रीं बाराच्या ठोक्याला मुदत संपली. दुसऱ्या दिवशीं कार्यालयाकडे दाद मागितली, तेव्हां ‘सर्व्हर डाऊन होता’ एवढें उत्तर मिळालें. मुदत वाढली नाहीं. मुलीनें तें वर्ष घरीं शिवणकाम करून काढलें.

‘सर्व्हर डाऊन होता’ हें वाक्य आपण आतां ‘अवकाळी पाऊस पडला’ याच सुरांत बोलतों आणि ऐकतों. मला मात्र तें पटेना. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि आयुष्य प्राथमिक शाळेंत गेलेलें. तेव्हां माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास हींच यंत्रें सांभाळण्याच्या नोकरींत आहे, त्याला मीं विचारलें. तो म्हणाला, “गुरुजी, पाऊस आपल्या हातीं नाहीं. हें बहुतांशीं हातीं असतें.” पुढें दोन दिवाळ्यांच्या सुट्यांत त्यानें मला जें शिकविलें, त्यांतील मला उमगलेला भाग आज आपणांपुढें ठेवितों.

सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मागण्या ऐकून त्यांना पानें पुरविणारा संगणक, एवढेंच. १९९० सालच्या अखेरीस जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जगांतला पहिला वेब सर्व्हर चालू केला, तो नेक्स्ट या कंपनीच्या एका साध्या टेबलावरच्या संगणकावर. हें यंत्र सर्व्हर आहे, कृपा करून बंद करूं नका, अशा अर्थाची लाल शाईची चिठ्ठी त्यांनीं त्यावर चिकटविली होती. सगळें जाळें एका यंत्रावर आणि त्याची राखण एका चिठ्ठीवर! आज हंसूं येतें. पण कित्येक कार्यालयांची स्थिति अद्यापि त्या चिठ्ठीच्या पलीकडे गेलेली नाहीं.

एका यंत्रावर गर्दी झाली म्हणजे काय होतें, हें एस. टी. च्या स्थानकावरील तिकिटाच्या खिडकीवरून समजतें. समजा, कारकुनाला एक तिकीट देण्यास सरासरी एक मिनिट लागतें. लोक घड्याळ लावून येत नाहींत. कधीं तिघे एकदम येतात, कधीं चार मिनिटें कोणीच येत नाहीं. अशा वेळीं कारकून निम्मा वेळ कामांत असेल, तर रांगेंत लागल्यापासून तिकीट हातीं पडेपर्यंत सरासरी दोन मिनिटें जातात. शेंकडा नव्वद वेळ कामांत असेल तर दहा मिनिटें, आणि शेंकडा नव्याण्णव असेल तर शंभर मिनिटें! काम दुपटीनेंहि वाढलेलें नाहीं, आणि खोळंबा मात्र पन्नासपट झाला. या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील आग्नर एरलांग या गणितज्ञानें १९०९ सालीं, टेलिफोनच्या मागण्यांचा अभ्यास करून घातला. त्या मुलीचें पान सकाळीं हळू होतें आणि दुपारीं उघडेनासें झालें, याचें कारण हेंच. यंत्र बिघडलें नव्हतें. तें शंभर टक्क्यांपाशीं पोंचलें होतें.

उपाय उघड आहे, दुसरी खिडकी उघडावी. पण माणसानें कोणत्या खिडकीकडे जावयाचें, हें सांगणार कोण? अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन. सी. एस. ए. या संस्थेनें मोझॅक नांवाचा ब्राउझर काढला, तेव्हां तिच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी लोटली कीं एक यंत्र पुरेना. १९९४ सालच्या सुमारास तेथें एक युक्ति योजिली गेली. इंटरनेटवर नांवावरून पत्ता सांगणारी एक व्यवस्था असते, तिला डी. एन. एस. म्हणतात. पहिल्यानें पत्ता विचारला कीं तिनें एका यंत्राचा पत्ता द्यावा, दुसऱ्यानें विचारला कीं दुसऱ्याचा, आणि असेंच पाळीपाळीनें. युक्ति स्वस्त आहे आणि आजहि चालते. पण तींत मोठी उणीव अशी कीं, एखादें यंत्र मेलें तरी पत्ते सांगणाऱ्याला त्याची वार्ता नसते. तो निरोगी यंत्रांइतकाच मेलेल्याचाहि पत्ता देत राहतो. शिवाय एकदां मिळालेला पत्ता वाटेंतलीं अनेक यंत्रें कांहीं काळ लक्षांत ठेवितात, त्यामुळें चूक सुधारली तरी ती लगेच पोंचत नाहीं.

म्हणून पुढची पायरी अशी कीं, सर्व्हरांच्या पुढें एक दारवान बसवावयाचा. यालाच धंद्यांतील लोक लोड बॅलन्सर म्हणतात. बाहेरच्या जगाला एकच पत्ता ठाऊक, तो या दारवानाचा. तो प्रत्येक मागणी घेऊन आंतल्या एखाद्या यंत्राकडे लावून देतो. हें काम करणारे दोन प्रोग्राम फार प्रसिद्ध आहेत: फ्रान्समधील विली टारो यांनीं लिहिलेला एचएप्रॉक्सी, आणि इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थानें २००४ सालीं लोकांपुढें ठेविलेला एन्जिनेक्स. दोन्ही फुकट मिळतात. तेव्हां गरीब संस्थेनें पैशाचें कारण सांगूं नये.

दारवान मागण्या कशा वांटतो? पाळीपाळीनें, ही सर्वांत सोपी रीत. यंत्रें लहानमोठीं असतील तर मोठ्याला दोन आणि लहानाला एक, असें वजन ठरवून देतां येतें. ज्याच्या हातीं सध्यां सर्वांत थोडीं कामें आहेत त्याच्याकडे नवें काम द्यावें, ही रीत अधिक शहाणपणाची दिसते. पण तींत एक खोडी आहे, ती ऐकून मला आमच्या कचेऱ्यांची आठवण झाली. एखादें यंत्र आंतून बिघडलें आणि प्रत्येक मागणीला तत्काळ ‘होत नाहीं’ असें उत्तर देऊं लागलें, तर त्याच्यापुढें रांग कधींच सांचत नाहीं. दारवानाला वाटतें, काय कामसू प्राणी आहे हा! आणि तो सर्व गर्दी त्याच्याकडेच पाठवितो.

यास्तव वांटणीपेक्षांहि अधिक महत्त्वाचें काम म्हणजे प्रकृतीची विचारपूस. यास हेल्थ चेक म्हणतात. एचएप्रॉक्सीची नेहमींची रीत अशी कीं, विचारपूस चालू केली म्हणजे तो दर २ सेकंदांनीं प्रत्येक यंत्राला हांक मारतो. लागोपाठ ३ वेळां ओ आली नाहीं तर त्याला बाद समजतो, आणि पुढें लागोपाठ २ वेळां नीट उत्तर आलें म्हणजे पुन्हां कामावर घेतो. बाद करण्याची घाई नाहीं, आणि परत घेण्याचीहि नाहीं.

पण विचारावयाचें काय? ‘आहेस का?’ एवढेंच विचारलें तर ज्याचा डेटाबेसशीं संबंध तुटला आहे तेंहि यंत्र ‘आहें’ म्हणेल. वर्गांत हजेरी देणारा मुलगा धडा ऐकत असतोच असें नाहीं, हें शिक्षकांना सांगावयास नको. मग प्रत्येक वेळीं खोल चौकशी करावी काय? तिच्यांतहि धोका आहे. सर्व यंत्रें एकाच डेटाबेसवर अवलंबून असतील आणि तो क्षणभर अडखळला, तर सर्वच यंत्रें परीक्षेंत नापास होतात, आणि दारवान सर्वांनाच एकदम बाद करतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आपल्याकडील रात्रीं नऊच्या सुमारास, फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारें सहा तास जगभर बंद पडलें, तें आपणांपैकीं अनेकांना आठवत असेल. मूळ कारण देखभालीच्या वेळीं दिलेली एक चुकीची आज्ञा. तिनें त्यांच्या मोठमोठ्या यंत्रशाळांना जोडणारें अंतर्गत जाळें तुटलें. पण पुढें जें झालें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्यांच्या डी. एन. एस. च्या यंत्रांना अशी शिस्त घालून दिलेली होती कीं, यंत्रशाळांशीं बोलतां आलें नाहीं तर आपणच नादुरुस्त आहों असें समजून जगापासून दूर व्हावें. एकट्यादुकट्यासाठीं ती शिस्त उत्तम होती. त्या रात्रीं मात्र सर्वांनींच ती एकदम पाळली, आणि फेसबुकचें नांवच इंटरनेटवरून पुसल्यासारखें झालें. म्हणून अनुभवी लोक दारवानाला असें सांगून ठेवितात कीं, बहुतेक सर्वच यंत्रें आजारी दिसूं लागलीं तर तुझ्या चष्म्यावर संशय घे, आणि कामें वांटीत राहा.

त्या मुलीचा अर्ज पुन्हां पुन्हां कां पुसला गेला, त्याचें कारणहि येथेंच सांगतों. तिनें पहिलें पान भरलें तें एका यंत्रापुढें; त्यानें तिची ओळख आणि मजकूर आपल्याच स्मरणांत ठेविला. पुढचें बटण दाबतांच दारवानानें तिला दुसऱ्या यंत्राकडे पाठविलें. त्याला ती अनोळखी. निदान माझ्या विद्यार्थ्याचें निदान तरी असें आहे. यावर दोन उपाय आहेत. एक, ब्राउझरजवळ कुकी नांवाची चिठ्ठी देऊन ठेवावी आणि त्या माणसाला प्रत्येक वेळीं त्याच यंत्राकडे न्यावें. पण तें यंत्र पडलें कीं अर्जहि गेला. दुसरा, आणि चांगला, म्हणजे असा मजकूर कोणत्याहि एका यंत्रापाशीं न ठेवितां सर्वांना पाहतां येईल अशा सामाईक ठिकाणीं ठेवावा. मग कोणीहि कारकून पुढें आला तरी वही तीच.

आतां थोडें अंकगणित, कारण बहुतेक संस्था येथेंच फसतात. दोन यंत्रें आहेत आणि दोन्ही साठ टक्के कामांत आहेत. चालकमंडळ समाधानी आहे. एक पडलें. उरलेल्यावर काम किती आलें? एकशें वीस टक्के. म्हणजे दुसरें यंत्र राखीव नव्हतेंच. तें पहिल्याइतकेंच जुंपलेलें होतें. तीन यंत्रें साठ टक्क्यांनीं चालत असतील आणि एक पडलें, तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकीं नव्वद येतात, म्हणजे तिकिटाच्या खिडकीच्या हिशेबानें दहा मिनिटें. पुढची गोष्ट याहून वाईट आहे. भारानें यंत्र मंदावतें. मंदावलें कीं दारवानाच्या हांकेला वेळेवर ओ देत नाहीं. ओ न आल्यामुळें तो त्याला बाद करतो. त्याचा भार पुढच्यावर पडतो, आणि तेंहि मंदावतें. पांच यंत्रांची ओळ पाहतां पाहतां कोसळते, आणि त्यांतलें एकहि खरोखर बिघडलेलें नसतें. पान न उघडल्यामुळें लोक पुन्हां पुन्हां बटण दाबतात, त्यानें भर पडते ती निराळीच. अशा प्रसंगीं दाराशींच कांहीं लोकांना क्रमांक देऊन थांबविणें, आणि आंत घेतलेल्यांचें काम पुरें करून देणें, हाच न्याय. सर्वांना आंत घेऊन कोणाचेंच काम न होणें ही समता नव्हे.

आपण म्हणाल, दारवानच पडला तर? खरें आहे. म्हणून दारवानहि दोन ठेवितात. बाहेरचा पत्ता मात्र एकच. तो ज्या वेळीं जो मुख्य असेल त्याच्याकडे असतो. यासाठीं १९९८ सालीं व्ही. आर. आर. पी. नांवाची एक रीत जाहीर झाली, आणि लिनक्सवर कीपअलाइव्ह्ड हा प्रोग्राम ती चालवितो. मुख्य दारवान दर सेकंदाला ‘मी आहें’ अशी ललकारी देतो. दुय्यम दारवान ऐकत बसतो. तीन ललकाऱ्यांचा वेळ शांततेंत गेला, कीं तो आपल्या दर्जाप्रमाणें आणखी सेकंदाचा कांहीं अंश थांबतो, मग पत्ता आपल्याकडे घेतो, आणि शेजारच्या यंत्रांना ओरडून सांगतो कीं यापुढें या पत्त्याचा मालक मी. दर्जा १०० असेल तर हा एकूण काळ ३.६ सेकंदांहून किंचित् अधिक भरतो. बाहेरच्या माणसाला एखादा आचका बसतो, इतकेंच. या पदग्रहणाला फेलओव्हर म्हणतात.

आतां ज्यासाठीं मीं आपला इतका वेळ घेतला, तो प्रश्न येतो. शांतता म्हणजे मृत्यु काय? दुय्यमाला ललकारी ऐकूं आली नाहीं, याचा अर्थ मुख्य मेला असा होईल, किंवा मधली तार निघाली असाहि होईल. तार निघाली असेल तर मुख्य जिवंतच आहे आणि आपणच मुख्य आहों असें समजून काम करीत आहे. इकडे दुय्यमहि मुख्य झाला. एका दौतीवर दोन कुळकर्णी बसले. पानें दाखविण्यापुरतें हें चालून जाईल. पण दोघेहि निरनिराळ्या वह्यांत नोंदी करूं लागले, तर कोणती वही खरी?

तंटा तोडण्याची नेहमींची रीत बहुमताची. दोघांत बहुमत होत नाहीं. म्हणून तीन किंवा पांच साक्षीदार ठेवितात, आणि निम्म्याहून अधिकांशीं ज्याचा संबंध शाबूत आहे तोच मुख्य, असें ठरवितात. परंतु एवढ्यानेंहि सर्व कांहीं सुटत नाहीं, हें गिटहबच्या गोष्टीवरून दिसतें. जगांतले प्रोग्रामर आपल्या कामाच्या प्रती जेथें ठेवितात, तें हें संकेतस्थळ. २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं जाळ्यांतील एक बिघडत चाललेलें उपकरण बदलतांना, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या मुख्य यंत्रशाळेचा बाहेरील संबंध ४३ सेकंद तुटला. फक्त ४३ सेकंद. तेवढ्यांत साक्षीदारांनीं नियमाप्रमाणें बहुमत केलें, आणि डेटाबेसचें मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे गेलें. नियमांत कांहीं चूक नव्हती. पण संबंध तुटण्याच्या सुमारास पूर्वेकडील वहींत ज्या थोड्या नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेस पोंचल्याच नव्हत्या. आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या, त्या पूर्वेस नव्हत्या. त्यांच्या एका फार गजबजलेल्या डेटाबेसांत पूर्वेकडे अडकलेल्या अशा नोंदी ९५४ होत्या. शिवाय पूर्वेकडील यंत्रांना प्रत्येक नोंदीसाठीं खंडाच्या दुसऱ्या टोकाला जावें लागूं लागलें. तेथील लोकांनीं घाईघाईनें पूर्वस्थिति आणली नाहीं. लोकांच्या नोंदी सुरक्षित ठेवणें आधीं, आणि वेग मागाहून, असें त्यांनीं ठरविलें. राखून ठेविलेल्या प्रतींवरून वह्या पुन्हां जुळविल्या. या सर्वाला २४ तास ११ मिनिटें लागलीं, आणि झालेला सर्व प्रकार त्यांनीं मागाहून स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केला. कोण जिवंत आहे हें बहुमतानें ठरवितां येतें. कोणाच्या वहींत काय लिहिलें आहे, तें ठरवितां येत नाहीं. म्हणून पानें दाखविणाऱ्या यंत्रांनीं आपसांत खुशाल जागा बदलाव्यात. जेथें नोंदी होतात तेथें मात्र मुख्यपद यंत्राच्या हुकमानें बदलावें, कीं जबाबदार माणसाला उठवून बदलावें, हें प्रत्येक संस्थेनें आपल्या कामाकडे पाहून आधींच ठरविलें पाहिजे. लहान संस्थांनीं माणसाला उठवावें, असें माझें मत आहे.

आणि राखीव यंत्राची परीक्षा? नेटफ्लिक्स या कंपनीनें केऑस मंकी नांवाचा एक प्रोग्राम करून २०१२ सालीं तो सर्वांसाठीं खुला केला. चालू यंत्रांपैकीं मनास येईल तें मुद्दाम बंद पाडणें एवढेंच या माकडाचें काम. आमच्याकडे माकड नव्हतें. तें काम मीं केलें. आमच्या तालुक्यांतील एका शिक्षणसंस्थेच्या समितीवर मी आहें. तिचे प्रवेशअर्ज दोन यंत्रांवर घेतले जातात. पैकीं दुसरें तीन वर्षें राखीव म्हणून हिरवा दिवा लावून बसलेलें. माझा विद्यार्थी सुटींत आला होता. तो म्हणाला, “गुरुजी, दुसरें यंत्र आहे हें सगळे सांगतात. तें चालतें का, हें पाहिलें कोणी?” म्हणून एका रविवारीं सकाळीं, अर्ज नसलेल्या दिवसांत, मीं पहिल्याची तार काढावयास हात घातला. पाहतों तों दोन्ही यंत्रें एकाच वायरबोर्डाला जोडलेलीं! त्या बोर्डाचा खटका पडता तर दोघेहि एकदम निजले असते. तें आधीं निराळें केलें आणि मग तार काढली.

मनांत चार आंकडे मोजले. पत्ता दुसऱ्याकडे गेला, पान उघडलें, आणि पानाऐवजीं ब्राउझरनें इशारा दिला कीं, या संकेतस्थळाचें सर्टिफिकेट मुदतीबाहेर गेलें आहे, पुढें जाऊं नये. तीं सर्टिफिकेटें ९० दिवसांचीं होतीं आणि आपोआप नवीं होत असत. पण नवें देणारी संस्था आधीं बाहेरच्या पत्त्यावर येऊन खातरी करते, आणि बाहेरचा पत्ता नेहमीं पहिल्या यंत्राकडेच. दुसऱ्याची खातरी कधीं झालीच नाहीं. तीन वर्षांचा हिरवा दिवा आणि एक निरुपयोगी यंत्र! प्रवेशाच्या शेवटच्या दिवशीं हें उघडकीस आलें असतें, तर आम्हीहि तेंच वाक्य उच्चारलें असतें.

आतां पहिल्यानें घेतलेलें सर्टिफिकेट रोज रात्रीं दुसऱ्याकडे पाठविलें जातें. त्याच दिवशीं दुसरी गोष्ट अशी आढळली कीं, तार परत लावतांच पहिलें यंत्र पुरतें जागें होण्यापूर्वींच आपला पत्ता हिसकावून घेई, आणि पान पुन्हां मिनिटभर बंद पडे. तेव्हां ती मुभा काढून घेतली. आलेल्यानें स्वस्थ बसावें, आणि बसलेल्यानें काम चालू ठेवावें. बदल आम्ही रात्रीं करतों. संस्थेच्या कॅलेंडरवर दर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं तांबडी खूण केलेली आहे. त्या दिवशीं एक तार निघते. कोणती, तें शिपाई चिठ्ठी काढून ठरवितो, आणि मला आधीं सांगत नाहीं.